बिजागरीतली तार

नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून भाषांतरकार शेजारच्या दुकानात शिरला... आणि तिथेच अडकला. टेबलावर वाकलेली मुलगी एका लॅपटॉपच्या पोटातून नखाएवढं वायफाय कार्ड इतक्या अलगद काढत होती, की त्याला स्वतःची तक्रारच आठवेना. दुकान तिच्या मामांचं. दुरुस्ती मात्र तीच करायची. त्याचं वायफाय सारखं तुटतं हे ऐकून तिने नवं कार्ड बसवलं, त्यावर दोन बारीक तारा टिचकन दाबल्या आणि भुवई उंचावून त्याच्याकडे पाहिलं. झालं, गडी गारद.

आठवड्यात तो परत हजर. नवं कार्डही दगा देत होतं. तिने ते बदललं, तरी तेच. गंमत म्हणजे तिच्या टेबलावर प्रत्येक कार्ड शहाण्या बाळासारखं चालायचं. ती ओठ मुडपून विचार करायची, कपाळावरची बट मनगटाने मागे सारायची, आणि तो स्टुलावर बसून नुसता बघत राहायचा. हार मानणं तिला ठाऊकच नव्हतं, आणि तिचा तो हट्ट त्याला फार आवडायचा. तुमच्या घरची हवा लॅपटॉपला मानवत नाही, असं ती म्हणायची. हल्ली मलाही मानवत नाही, असं तो म्हणायचा. मग ती हसू दाबत पुन्हा कामाला लागायची.

तिसरं कार्ड रुसलं, त्या दिवशी मामांनी हात टेकले.

"अगं, राहू दे आता. उद्यापासून काउंटर सांभाळ. दुरुस्तीला मी दुसरं कुणी बघतो."

तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ते बघून तो स्टुलावरून उठला.

"थांबा मामा," तो म्हणाला. "चूक यांची नाही. मी घरी पलंगावर लोळत काम करतो. स्क्रीन पार मागे सारली की वायफाय जातं, सरळ केली की येतं. मला हे... दुसऱ्या कार्डाच्या वेळीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" तिने धारदार आवाजात विचारलं.

"बोललो असतो, तर तुम्ही लगेच दुरुस्त केलं असतं. मग तुम्हाला बघायला मी काय सांगून आलो असतो?"

मामा खोकले. आतल्या खोलीत त्यांना एकाएकी काम आठवलं.

ती लाजली-बिजली नाही. तावातावाने तिने स्क्रीन उकलली. कार्डापासून वर जाणारी एक तार बिजागरीत चिमटत होती. तिने ती सोडवून बाजूने नेली, स्क्रीन चांगली मागेपुढे झुकवली. वायफाय एकदाही तुटलं नाही. मामांनी दारातून डोकावून पाहिलं आणि उद्या येणारे दोन लॅपटॉप तिनेच बघावेत, असं सांगून पुन्हा आत गेले.

"तुमच्या लबाडीपायी मी चांगल्या कार्डांना नावं ठेवली," ती म्हणाली. "आता हे बिघडणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. लॅपटॉप उचलून तो निघाला खरा, पण पाऊल उचलवेना. लबाडी अंगाशी आली होती, आणि आता पुन्हा यायला काही कारणही उरलं नव्हतं.

"बसा," मागून आवाज आला. ती कानांपर्यंत लाल झाली होती. "इतके दिवस निमित्त काढून बसलात... आज जरा बिनकामाचे बसून दाखवा."