आतल्या खोलीतला बल्ब

खोटं वाटलं तर सोडून द्या पोरांनो, पण पद्माकर कर्णिक ऑफिसात माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता.

शहाण्णव सालचा नोव्हेंबर. चौदा तारीख, गुरुवार. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहून पद्माकरनं नोएडात फ्लॅट घेतला होता. ताबा रविवारी मिळणार होता. बायको, इंदुमती, म्हणाली, "ऑफिसातून परस्पर जा आणि सगळे सॉकेट तपासून या. एकदा ताबा घेतला की बिल्डर दारात उभं करणार नाही."

तिनंच देव्हाऱ्याजवळचा प्लगचा होल्डर काढून त्याच्या पिशवीत टाकला. पाहिलाय ना तो? मागे दोन पिना, पुढे बल्ब. वायर नाही की काही नाही. थेट सॉकेटात खोचायचा, बटण दाबायचं. पेटला तर करंट आहे. जिन्यात, मोरीत, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर मंद दिवा ठेवायला घरोघरी असायचा.

पावणेसातला तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. बाहेर काळोख पडला होता. हॉलमध्ये होल्डर खोचला, पेटला. स्वयंपाकघरात पेटला. आतल्या खोलीतला सॉकेट मात्र सैल होऊन एका स्क्रूवर लोंबत होता. मागे नुसती रिकामी खोबण, वायरच नव्हती. पद्माकरनं ते कागदावर टिपलं, होल्डर परत हॉलमध्ये लावला आणि त्या उजेडात बाल्कनीची कडी बघायला गेला.

मागे वळला, तर हॉलमध्ये अंधार.

उजेड आतल्या खोलीतून येत होता.

"कौन है? चौकीदार?"



तो दारापर्यंत गेला. त्या लोंबत्या सॉकेटात बल्ब जळत होता. खोली रिकामी. पद्माकरनं हात लांबवला. होल्डर उपसला.

बल्ब विझला नाही.

पिना हवेत. आणि बल्ब त्याच्या मुठीत… पेटलेला.

हातातून सुटला. विझला. काच फुटल्याचा आवाज येईल म्हणून पद्माकर थांबला…

आवाज आलाच नाही.

अंधारात कुणीतरी तो झेलला होता.

खाली कसा आला, त्याला आठवत नाही. चौकीदारानं पाणी दिलं. वर त्या खिडकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "साहब, उस कमरे में नहीं जाना था. अगस्त में बिजलीवाला वहीं करंट से चिपककर मर गया था. उसके बाद सारे तार निकाल दिए."

घरी आल्या आल्या पद्माकरनं अंथरूण धरलं. रात्रभर तापानं फणफणला. सकाळी इंदुमतीच्या हाकेनं जागा झाला. ती इस्त्रीचा प्लग हातात धरून भिंतीसमोर थबकली होती.

"अहो… हे तुम्ही लिहिलंत?"

बोर्डाशेजारी, पांढऱ्या खडूनं, हिंदीत लिहिलं होतं :

हाथ मत लगाना.