हसरा शॉट

नागपूरच्या गांधीबागेत एका साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर श्वेता भोयरची एडिटिंगची खोली होती. लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत नसे. वरात, अक्षता, रडणारी नवरी, पंगती, सगळं कापून तीन तासांत बसवायचं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कोणीतरी तिथे कॅमेरा ठेवला म्हणून पडद्यावर दिसतं, बात खतम, असं तिचं म्हणणं.

या आठवड्यात मात्र लग्नं बाजूला सारून ती कृष्णकांत मुंडल्यांवर दहा मिनिटांची फिल्म करत होती. रविवारी नागपुरात त्यांचा सत्कार होता. इथल्याच महाल भागातल्या कारकुनाचा हा मुलगा मुंबईला गेला आणि आठ गुन्हेपट काढून नाव कमावून बसला. त्या आठही सिनेमांत पहिलं प्रेत एकाच माणसाचं होतं. तो माणूस म्हणजे श्वेताचे वडील, खाप्याचा जयवंता भोयर. दोघांची कॉलेजपासूनची दोस्ती. "जयवंता मेला की माझा पिक्चर जगतो," असं मुंडलेकाका थट्टेनं म्हणत, आणि बाबा तेच चारचौघांत अभिमानानं सांगत.

सिनेमावाल्यांत एक रीत आहे. मेलेल्याचं काम झालं की त्या नटानं लगेच डोळे उघडायचे, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि तेही टिपून ठेवायचं. नाहीतर मरण अंगाला चिकटतं म्हणतात. काकांचे लोक त्याला हसरा शॉट म्हणत.

आठव्या वेळी बाबा कन्हान नदीच्या रेतीत मेले, खाप्यालाच. घरी आले, बाजेवर आडवे झाले, ते तीन महिने उठलेच नाहीत. डोळे मिटलेले. भरवलं तर घास गिळत. धंतोलीत तीन डॉक्टरांना दाखवून झालं, रिपोर्टांत काही सापडेना. एवढ्या दिवसांत ते एकदाच बोलले होते. "हसाचं राह्यलं वं."

श्वेतानं तेव्हा काकांना फोन केला होता. "घेतला होता गं, मी स्वतः घेतला," काका म्हणाले. "सत्काराच्या फिल्मसाठी ड्राइव्ह पाठवतोच आहे, त्यात असेल. दाखव त्याला, बरं वाटेल." काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे ऐकतच ती वाढली होती. ड्राइव्ह हातात पडताच तिनं आधी तो शॉट शोधायला घेतला.

सात सिनेमांचे सात हसरे शॉट सापडले. छातीत सुरा घेऊन हसणारे बाबा, गळ्यात दोर असताना हसणारे बाबा, सिनेमागणिक थोडे पिकत गेलेले. आठव्या सिनेमाच्या फोल्डरात शेवटची फाइल एक्केचाळीस सेकंदांची होती. रेतीत बाबा उताणे पडलेले, चेहऱ्यावर चांगलं लख्ख ऊन. "कट," असा काकांचा आवाज आला. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "भाऊ, हसू का?"

"राहू दे. प्रकाश गेला."

मग जरा लांबून, हलक्या आवाजात पुन्हा काकाच बोलले, "उद्या मुंबईचा नट येतोय. पुढच्या पिक्चरची इन्स्पेक्टरची वर्दी त्यालाच द्या. याला सांगू नका, उगीच समजूत घालत बसावं लागेल."

ती वर्दी बाबांची होती. "सात वेळा मेलास, आता एकदा शेवटचं मर, मग पुढच्या पिक्चरला इन्स्पेक्टर हो," असं काकांनी घरी येऊन सांगितलं होतं. शिंपी माप घेऊन गेला होता. बाबांनी दोन महिने मिशा राखल्या होत्या. ज्याच्यासाठी जन्मभर मेले, त्यानंच केसानं गळा कापला, आणि वर श्वेताशी धडधडीत खोटं बोलला. संतापून तिनं फाइल बंद केली.

खाली जाऊन ती चहा पिऊन आली आणि फाइल पुन्हा उघडली. दोन मिनिटं दहा सेकंद.

मघाशी आपणच चुकीचं वाचलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण पुढे चित्र होतं. लोक सामान आवरत होते. दोघं जण कॅमेऱ्याची पेटी उचलून बाबांच्या मागून गेले. त्या सिनेमाला कॅमेरा एकच होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल एकोणीस मिनिटांची झाली होती. नदीकाठी कोणी नव्हतं. एक कुत्रं आलं, बाबांचा पाय हुंगून गेलं. बाबा वाट बघत पडले होते.

शनिवारी दुपारी तिनं काकांना फिल्म बघायला म्हणून बोलावलं. पांढरा कुर्ता, गळ्यात चष्मा, जिना चढून ते धापा टाकत खुर्चीत बसले. तिनं फाइल लावली. पेटी गेली, कुत्रं आलं, गेलं. काकांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे कोणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा. तुम्ही तर म्हणे हसरा घेतला होता."

"श्वेता, धंद्यात करावं लागतं असं कधीकधी."

"मले नका सांगू, काका. त्यायले सांगा. हस म्हणा."

"पडद्याला?"

"म्हणा."

काका पुढे वाकले. "जयवंता," ते म्हणाले, "हस रे बाबा."

रेतीतल्या बाबांनी डोळे उघडले आणि ते हसले. मग उठले, पाठीवरची रेती झटकली आणि चौकटीबाहेर निघून गेले.

श्वेताचा फोन वाजला. आई होती. "बाबा उठून बसले वं. चहा मागून राहिले."

श्वेता हमसून हमसून रडली. काका जिना उतरून गेले. पडद्यावर रेतीत माणसाएवढा खळगा होता. फाइल चालूच होती. तिनं ती बंद केली.

सोमवारी सकाळी काकांच्या बायकोचा, नीलाकाकूंचा फोन आला. सत्काराहून परतल्यापासून काका पडून होते. डोळे उघडत नव्हते. "एकच वाक्य बोलले गं. हसायचं राहिलं म्हणाले. म्हणजे काय?"

श्वेतानं फाइल उघडली.

खळग्यात काका उताणे पडले होते. अंगावर सत्काराची शाल होती.

लॅपटॉप घेऊन ती तशीच घरी धावली. बाबा अंगणात आरशापुढे मिशा कातरत होते. तिनं पडदा त्यांच्यासमोर धरला. "बाबा, काका म्हणाले तव्हा तुम्ही उठले. आता तुम्ही म्हणा. हस म्हणा त्यायले."

बाबांनी कात्री खाली ठेवली. शालीतल्या माणसाकडे बघितलं. मग बोलले, ते खाप्याच्या बोलीत नाही, हुबेहूब काकांसारखं, सफाईदार.

"राहू दे. प्रकाश गेला."

सकाळचे दहा वाजले होते. अंगणात डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं.