रविवारीच उतरणारा पारा

मी भाकरीचं पीठ मळत होते, तोच छताच्या झरोक्यातून मूठभर माती थेट परातीत पडली.

“कोण हाय वर?” मी ओरडले.

झरोक्यात एक घामेजलेला चेहरा उगवला. “मी... मच्छिंद्र. शेजारच्यांचं माळवद बघायला आल्तो. सगळी छतं लागूनच हायेत... चुकलो.”

“मंग ही मातीची भाकर कोण खाणार?”

“मीच खातो. टाका की!”

आणि खरंच, खाली येऊन त्यानं ती करकरणारी भाकरी खाल्ली. त्र्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात मी हरले ती तिथंच.

मच्छिंद्र कुंभार पिंपळगावचा, बांधकामाचा डिप्लोमा केलेला. जुनी मातीची घरं न पाडता, कूलरचं बिल न वाढवता गार कशी ठेवायची, याचं त्याला वेड. आमच्या आप्पांना मात्र मस्तगड मोहल्ल्यातलं हे घर मोडून स्लॅब टाकायचा होता. मच्छिंद्रनं त्यांच्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली. माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर दिला, वरून चुना फासला आणि खोलीत थर्मामीटर टांगला. रोज दुपारी तीनला आकडा वहीत लिहायचं काम माझ्याकडं आलं. तो स्वतः येणार फक्त रविवारी... एकदाच!

पारा छत्तीसवरून एकतीसवर आला. रविवारचा आकडा तो स्वतः लिहायचा; बाकी दिवस मी मात्र वहीत छत्तीसच लिहीत राहिले. काम फत्ते झालं, तर तो पुन्हा कशाला येईल?

“रविवारी मी बघतो तेव्हा एकतीस,” तो वही चाळत म्हणाला, “बाकी दिवस छत्तीस. असं कसं हो?”

“तुमी आलात की उतरतो...” मी ओढणीचं टोक पिळत म्हणाले.

तो नुसता हसला. पुढच्या रविवारी सकाळीच हजर झाला.

महिना संपला. आप्पांनी मच्छिंद्रसमोरच वही उघडली. “छत्तीस, छत्तीस... अन् हा आला की एकतीस! खोटे आकडे लिहून राह्यला का रे? इंद्रायणी, तुझे आकडे बराबर हायेत ना?”

खरं सांगितलं, तर ‘का’ ते सांगावं लागणार होतं.

“हो... आप्पा.”

मच्छिंद्रनं एकदा माझ्याकडं पाहिलं. “माझंच चुकलं असंल,” तो म्हणाला.

थर्मामीटर न्यायचा राहिला होता. मी तो घेऊन दारापर्यंत धावले.

“तुमाला ठाऊक होतं?”

“पह्यल्या रविवारपासून.”

“मंग बोलला का न्हाई?”

“तुमचं नाव आलं असतं ना...” तो थांबला. “आप्पा खूश झाले असते, तर आजच तुमाला मागणी घालणार होतो मी. आता खोटारड्याला कोण पोरगी देईल?”

मला माघारी जाऊन खरं सांगता आलं असतं. पण मी दारातच उभी राहिले. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला.

पुढच्याच आठवड्यात माळवद फोडायला घेतलं. घरभर माती उडाली, माझ्या परातीतही पडली. आई म्हणाली, “टाकून दे ते पीठ.”

मी नाही टाकलं. त्याचीच भाकरी केली आणि एकटीनं बसून सगळी खाल्ली.