दिवा वाढवा

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, पण कडी मात्र घालू नका. का, ते गोष्ट संपली की तुमचं तुम्हालाच कळेल.

गोष्ट म्हणतो खरा, पण परमेश्वर साक्षी आहे, यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. आजही हे सांगताना त्यांचा हात नकळत खिशातल्या मोबाईलकडे जातो... आणि अर्ध्यावर थांबतो.

दाजींचा धंदा घरोघरी सोलर बसवण्याचा. बसवलेल्या प्रत्येक घराचा हिशेब त्यांच्या मोबाईलवर दिसायचा. किती ऊन मिळालं, बॅटरी किती भरली, या क्षणाला घरात किती वीज चालू आहे, सगळं. नुसता आकडा बघून ते सांगायचे, "आता यांनी पंखा लावला." म्हणून लोकांनी नाव पाडलं, वॅटराव.

ताई म्हणायची, "बायकोचा वाढदिवस लक्षात नाही, पण दुसऱ्याचा पंखा किती खातो ते तोंडपाठ!"

तर ऐका. तीन हिवाळ्यांपूर्वीची, शुक्रवारची संध्याकाळ.

विजेचा शेवटचा खांब लागतो, तिथून पुढे पायी अर्धा तास. ओढ्याकाठी एकच घर. घरात एकटी म्हातारी, दाजी तिला मावशी म्हणायचे, आणि चार शेळ्या. तिचे यजमान त्याच्या दोन वर्षं आधी, भर पावसात, चुकलेली शेळी शोधायला ओढ्यापलीकडे गेले. ओढ्याला लोंढा आला. पायातला एक जोडा तेवढा सापडला. माणूस नाही.

शेळी दुसऱ्या दिवशी सकाळी आपली आपण घरी आली.

तेव्हापासून मावशी रोज संध्याकाळी मागच्या खिडकीत कंदील लावायची. ओढ्याकडे तोंड करून. माणूस यायचा झाला तर वाट दिसावी म्हणून.

दाजींनी तिथं सोलर बसवलं. स्वयंपाकघरात नऊ वॅटचा बल्ब, एक पंखा, बस्स. काम संपलं त्याच दिवशी मावशीची लेक तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घेऊन जायला आली. शेळ्या सांभाळायला दिल्या होत्या. निघताना मावशीनं किल्ली दाजींच्या हातात ठेवली. खिडकीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, एवढं काम कर. माझ्या हातानं नाही होणार. मागच्या खिडकीतला दिवा आता वाढव."

"वाढवतो की मावशी! काळजीच सोडा."

तिनं डोळ्यांना पदर लावला. दाजींना वाटलं, मोतीबिंदूचं पाणी.

मावशी गेली आणि दाजींनी काम मनावर घेतलं. कंदील काढला. त्या जागी तीस वॅटचा दिवा बसवला. अंधार पडला की आपोआप लागणारा, उजाडलं की आपोआप बंद होणारा. बटण नाहीच. सरळ बॅटरीला जोडलेला. उजेड थेट ओढ्यापलीकडे पोचायचा. वर पैसेही घेतले नाहीत.

आठ दिवस आकडा बरोबर होता. अंधार पडला की तीस. रात्रभर तीस.

नवव्या दिवशी, सात वाजून दहा मिनिटांनी...

एकोणचाळीस.

दाजी घास घेता घेता थांबले. तीस आणि नऊ. म्हणजे स्वयंपाकघरातला बल्ब. पण घर तर बंद. किल्ली इथे, खुंटीला.

पंधरा मिनिटांनी परत तीस.

दुसऱ्या दिवशी तेच. सात दहा. एकोणचाळीस. या वेळी अर्धा तास.

तिसऱ्या दिवशी तासभर.

"चोर असेल," ताई म्हणाली.

"चोर रोज वेळेवर येतो होय? ऑफिस आहे का त्याचं?"

हसले दोघं. पण दाजींना चैन पडेना. वायरिंगमध्ये खोट निघाली तर केलेल्या कामाला बट्टा. शुक्रवारी दुपार कलल्यावर ते निघाले. शेवटच्या खांबाशी गाडी लावली आणि पायवाट धरली.

पोचले तेव्हा दिवस मावळत होता. कुलूप जसंच्या तसं. त्यांनी घर उघडलं, एकेक जोड तपासला. सगळं ठणठणीत. मावशीनं जाताना घर आवरून ठेवलं होतं. कप पालथे, स्टूल भिंतीशी, मागच्या दाराला आतून कडी.

अंधार पडला. खिडकीतला दिवा आपोआप लागला.

दाजी ओसरीवर बसून मोबाईल बघत राहिले. तीस... तीस...

रातकिडे ओरडत होते.

मग एकदम गप्प झाले.

घराच्या मागे पाण्यात पाय पडल्यासारखा आवाज. एक. मग दुसरा. एक पाऊल जड... एक हलकं. जणू एकाच पायात जोडा असावा.

मागच्या दाराची कडी वाजली.

आणि हातातला आकडा बदलला.

एकोणचाळीस.

दाजी नाम घेत उठले. उंबऱ्यापाशी आले. स्वयंपाकघरात बल्ब लागला होता. मागचं दार उघडं. दारापासून आतपर्यंत ओल्या पावलांची रांग. स्टूल भिंतीपासून टेबलाशी ओढलेलं. त्याच्यापुढे एक कप...

सुलटा.

स्टुलावर कुणी नव्हतं. पण स्टुलाखाली पाणी ठिबकत होतं. थेंब... थेंब...

दाजींनी ओसरीवर येऊन मावशीला फोन लावला. दोनदा नंबर चुकला.

"मावशी, घरात... कुणीतरी आहे."

"कुणी म्हणजे?"

"दिसत नाही. ओली पावलं आहेत. एकाच पायात जोडा आहे."

 पलीकडून एकदम लहान झालेला आवाज. "दिवा वाढवला होतास ना रे?"

"वाढवला तर! कंदिलाच्या दसपट उजेड. ओढ्यापलीकडून दिसतो."

"अरे माझ्या लेका..." मावशी कळवळली. "वाढव म्हणजे मालव! जळत्या दिव्याला विझव म्हणू नये, म्हणून वाढव म्हणायचं. दोन वर्षं मी त्यांना अडकवून ठेवलं. निघताना मन घट्ट केलं, म्हटलं आता सोडावं त्यांना. आणि तू..."

 बांगडी फुटली की वाढली म्हणतात, हे दाजींना ठाऊक होतं. दिव्याचं ठाऊक नव्हतं.

"आता कसं करू मावशी?"

"त्यांना अजून वाटत असेल, मी वाट बघतेय. शेळी तर सापडली नाही, मग तिला शोधल्याशिवाय निघायचं कसं, म्हणून अवघडून बसले असतील. फोन त्यांच्यासमोर धर."

दाजी आत गेले. कसे गेले ते त्यांनाही सांगता येत नाही. फोनचा आवाज मोठा केला आणि हात लांब करून टेबलावर ठेवला.

"अहो," मावशी म्हणाली. रोजच्या बोलण्यातलं, अगदी साधं "अहो". "शेळी आली हो घरी. सकाळीच आली, आपली आपण. तिला आता दोन करडंही झालीत. मी लेकीकडे आहे, बरी आहे. माझी काळजी नका करू. तुम्ही निघा आता."

थेंब थांबला.

"बाबा," मावशी म्हणाली, "आता वाढव."

बटण नव्हतं. दाजींनी खिडकीशी जाऊन पकडीनं वायर तोडली. मागची सगळी जमीन, ओढा, पलीकडचा काठ एकदम काळा झाला. त्याच क्षणी स्वयंपाकघरातला बल्बही गेला.

अंधारात स्टूल सरकलं.

जड पाऊल... हलकं पाऊल... दाजींच्या खांद्याला गार, ओला वारा लागला. मग दार. मग पाण्यात पाय.

मग रातकिडे.

फोनवर मावशी रडत होती. मोठ्यानं, मोकळी होऊन. दोन वर्षांत पहिल्यांदाच, असं तिची लेक नंतर म्हणाली.

मावशी ऑपरेशन होऊन त्याच घरी परतली. एकटी राहते. शांत झोपते. आकडा संध्याकाळी नऊ, झोपताना शून्य. त्यात कधीही फरक पडला नाही.

मग दाजींचा हात मोबाईलपाशी का थांबतो?

तो तीस वॅटचा दिवा त्यांनी त्या रात्री काढून गाडीच्या डिकीत टाकला आणि घरी आणला. माळ्यावर ठेवला. वायर तुटलेली, कशालाच न जोडलेला. आणि दाजींच्या स्वतःच्या घराचा आकडा रोज, सात वाजून दहा मिनिटांनी...

तीसनं वाढतो.

एकच मिनिट. माळ्यावर बघावं तर अंधारच असतो. ताईनं दिवा फेकून द्या म्हणून सांगितलं. दाजी म्हणतात, फेकला आणि भलत्याच कुणी उचलून लावला तर? त्या एका मिनिटात ते माळ्याच्या शिडीखाली उभे राहतात, हात जोडतात आणि हळूच काहीतरी बोलतात. आकडा खाली येतो.

मंडळी, मावशीच्या त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. पण आज संध्याकाळी घरातला दिवा बंद कराल तेव्हा क्षणभर त्याची आठवण काढा. दाराला कडी घातलेली नसू द्या, जाणाऱ्याला वाट मोकळी हवी. आणि दाजी म्हणतात तेवढंच म्हणा...

"शेळी आली हो घरी. तुम्ही निघा आता."