उंदीरघर बंद झालं तेव्हा

लिफ्टचं दार मिटता मिटता तो आत घुसला. त्याच्या मुठीतून एक गुलाबी शेपूट लोंबत होतं. ती किंचाळलीच.

"हळू... घाबरतो तो. पिंजऱ्यातून पळाला होता."

"आणि मी नाही घाबरले?"

"तुम्ही चावत तर नाही ना?" तो गालात हसला.

कॅन्सर संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर प्रयोगांचे उंदीर होते, त्यांचा हा डॉक्टर. ती चौथ्या मजल्यावर रुग्णांच्या गाठींमधल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायची... औषधं उंदरांऐवजी त्यांच्यावरच तपासता यावीत म्हणून.

मग काही ना काही निमित्त काढून तो वर येऊ लागला.

"काय म्हणतायत तुमची बाळं?"

"वाढतायत. तुमच्या पोरांची सुटका करणार आहेत."

"लवकर करा हो. ज्याला रोज भरवायचं त्यालाच सुई टोचायची... घास उतरत नाही."

बोलता बोलता त्याचा हात तिच्या हातावर टेकला — आणि उचलायचं दोघांनाही सुचलं नाही. अहो-जाहो कधी गळालं, कळलंच नाही. आई विचारायला लागली, "कोण गं तो, सारखा फोन करणारा?" ती नुसती लाजायची.

आणि तिचा प्रयोग जमला! बशीतल्या पेशींनी औषधाचा गुण उंदरांपेक्षा अचूक सांगितला. संस्थेने उंदीरघर बंद करायचं ठरवलं. ती धापा टाकत जिना उतरली.

"सुटले रे तुझे उंदीर!"

तो पाठमोराच राहिला. "सुटून जाणार कुठे? अंगात गाठी आहेत त्यांच्या. सगळ्यांना कायमचं झोपवायचंय. मलाच."

हे तिच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं.

"मी येते मदतीला..."

"नको."

ते काम त्याने एकट्याने उरकलं. मग निरोप घ्यायला वर आला. लांबच्या गावी गुरांच्या दवाखान्यात नोकरी धरली होती त्याने.

"माझं चुकलं का रे?"

"नाही गं. बरोबरच केलंस. पण तुझ्याकडे पाहिलं की ते पिंजरे दिसतात... काय करू?"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती पहिल्यांदाच म्हणाली.

"माझंही," तो म्हणाला, आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तिचा सत्कार झाला. टाळ्या थांबल्यावर साहेब म्हणाले, "तळमजला रिकामाच आहे. तुमच्या प्रयोगशाळेला देऊ का?"

जागा तर हवीच होती. ती हो म्हणाली.