विडा देणारे हात

पहाट फुटली तेव्हा वेतगडाचा काळा कडा धुक्यातून हळूहळू वर येत होता, आणि खाली माळावर, जिथे एरवी नाचणीची हिरवी शेते दिसायची, तिथे हैबतरावाच्या फौजेच्या राहुट्या दिसत होत्या. धन्याशी बेइमान होऊन भाडोत्री फौज जमवलेल्या या सरदाराने गडाला वेढा घातल्याला दोन महिने झाले होते. किल्लेदार तटावर कामी आले होते, टाक्यात चार दिवसांचे पाणी उरले होते, आणि गडावरच्या तीनशे जिवांचे भवितव्य आता दोन बायकांवर येऊन ठेपले होते. एक किल्लेदारीण म्हाळसाबाई. दुसरी त्यांची दासी भिवरा, आणि ती भीतीने अर्धमेली झाली होती.

बेत साधा होता. शरणागतीचे बोलणे लावायला जायचे, पानदानात पानांच्या चवडीखाली कट्यार ठेवायची, आणि विडा देण्याच्या मिषाने भिवराने ती बाईसाहेबांच्या हाती सरकवायची.

"बाईसाहेब, माज्याच्यानं न्हाई व्हायचं," दिंडी दरवाजात ती म्हणाली.

"तुला नुसतं पानदान धरायचं आहे, भिवरा. पुढचं मी बघते."

नुसतं पानदान! सांगणाऱ्याचे काय जाते? गड उतरताना भिवराने कुलस्वामिनीला सतरा नवस बोलून टाकले.

दुपारच्या रणरणत्या उन्हात दोघी हैबतरावाच्या शामियान्यात शिरल्या. लोडामागे पुरुषभर उंचीचे विलायती चित्र टांगले होते. चित्रभर काळोख, वर लाल पडदा. बिछान्यावर एक दाढीवाला सरदार, त्याचे केस मुठीत धरून गळ्यावर तलवार चालवणारी एक बाई, आणि शेजारी पोते घेऊन उभी तिची दासी. आपला बेत कुणीतरी आधीच रंगवून ठेवला आहे, असेच भिवराला वाटले.

"पसंत पडलं?" हैबतराव हसला. "आमच्या फिरंगी गोलंदाजाची भेट. त्यांच्या पोथीतली बाई आहे, युदिथ की कोण. गावाला वेढा पडला, तेव्हा ही नटूनथटून शत्रूच्या डेऱ्यात गेली आणि त्याचं मुंडकं घेऊन परतली. तेव्हा किल्लेदारीणबाई, गैरसमज नसावा, पण आम्ही या चित्रापासून धडा घेतला आहे."

"आम्ही तर पदर पसरायला आलो आहोत, सरदार," म्हाळसाबाई शांतपणे म्हणाल्या.

कनातीआड नेऊन बटकींनी बाईसाहेबांची झडती घेतली. अंबाडा सोडवला, बांगड्या उतरवल्या. मग त्यांना वीस हात दूर बसवून दोन्ही बाजूंना नंग्या तलवारींचे पहारेकरी उभे केले. भिवरा पानदान घेऊन तशीच उभी होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. दासीकडे कोण पाहतो?

"तहाआधी विडा हवा," हैबतराव म्हणाला. "तुम्ही बसल्या जागी बसा. दासी देईल."

बाईसाहेब वीस हातांवर, आणि कट्यार भिवरापाशी. तिने धनिणीकडे पाहिले. म्हाळसाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनाही भीती वाटते, हे भिवराने जन्मात पहिल्यांदा पाहिले.

"विडा दे, भिवरा," बाईसाहेब म्हणाल्या. रोज म्हणायच्या तसेच.

ती गुडघ्यांवर बसली. हात असे थरथरत होते की चुना सांडला. "कापतेस काय गं?" हैबतराव म्हणाला, पण त्याची नजर बाईसाहेबांच्या हातांवरून हलली नाही. त्याने न पाहताच हात पुढे केला. भिवराने डोळे घट्ट मिटले, टाक्याच्या तळाशी राहिलेले पाणी आठवले, आणि कट्यार चालवली.

हैबतराव आवाज न करता लोडावर कलंडला. पहारेकरी धावले ते भिवरावर नव्हे, तर बाईसाहेबांवर! म्हाळसाबाईंनी पहिला वार हातावर झेलला आणि ओरडल्या, "पळ!"

भिवराने मोत्यांच्या शिरपेचाची पगडी उचलली आणि बाहेर धाव घेतली. "धनी पडला! धनी पडला!" तिची ती किंकाळी शौर्याची नव्हतीच, निखळ भयाची होती, पण पगडी साऱ्यांनी ओळखली. पहारेकरीही शामियाना सोडून पळाले. पोटासाठी लढणारी फौज पोशिंद्यामागे कशाला थांबते? गडाची शिबंदी दिंडीतून उतरून बाईसाहेबांना घेऊन गेली, तोवर अर्धा माळ रिकामा झाला होता.

वर्षभरात शाहिरांनी म्हाळसाबाईंचे पोवाडे रचले. भिवराचे नाव त्यांत नव्हते. लुटीत आलेले ते चित्र सदरेवर लागले, तेव्हा एका हाताने लुळ्या झालेल्या म्हाळसाबाईंनी चिताऱ्याला बोलावले. "तलवारवालीला हिचा चेहरा द्या," त्या भिवराकडे बोट दाखवत म्हणाल्या.

भिवरा चित्राजवळ गेली. "नगं, बाईसाहेब. ही मी न्हवं. हिचं हात बघा की, कसं थिर हायती."

"मग तुझे हात कसे काढू, बाई?" चिताऱ्याने विचारले.

भिवराने दोन्ही हात त्याच्यापुढे केले. ते अजून कापत होते.