वाढलेल्या बांगड्या

पडद्यावर बांगड्या होत्या आणि फडताळात नव्हत्या. मग त्या गेल्या कुठे?

माझा संशय पहिल्यापासून मेळवर होता. मेळ म्हणजे ‘चंद्रकाकण’ कारखान्यात आलेला नवा यंत्रमानव. या कारखान्यात चंद्रावरच्या मातीची काच करून तिच्या बांगड्या घडवतात, आणि तिथलं गोदाम माझी कुंदामावशी सांभाळते. मेळ कानामागून आला आणि तिखट झाला! त्याच्या पोटावरच्या पडद्यात हिरव्या बांगड्यांचा साठा रोज वाढायचा, फडताळं मात्र रिकामी होत चालली होती. शेवटी मालक खोब्रेकरकाका सगळ्यांसमोर मावशीला म्हणाले, “कुंदाताई, यंत्र चोरी करत नाही. संध्याकाळी किल्ल्या जमा करा.”

म्हणजे माझी मावशी चोर! मी तणतणत आबांकडे गेले. आबा माझे आजोबा. मेळ त्यांनीच बनवलेला, त्यामुळे मला आता त्यांचाही संशय येऊ लागला होता.

“आबा, तुमचा मेळ चोर आहे. नाहीतर तुम्ही काहीतरी लपवताय.”

“चोर असेल तर पकडू की,” पायांत चपला सरकवत आबा म्हणाले. “पण जुई, तो करतो काय ते माहीत आहे का तुला?”

“हेरगिरी!”

“अगं, आपल्या घरी कसं होतं? बाबा भाजी आणतात, आईही तीच भाजी आणते, आणि मीठ कुणीच आणत नाही. कारखान्यातही तसंच. विक्रीवाले माल कबूल करून बसतात आणि गोदामात तो नसतोच. म्हणून ही संसाधन नियोजन प्रणाली (सगळ्या खात्यांना एकाच माहितीवर चालवणारी व्यवस्था). मेळला तोंडी सांगायचं. एकानं सांगितलं की सगळ्यांना कळतं.”

“आणि एकानं चुकीचं सांगितलं तर?”

आबा चालता चालता थांबले. “तर तेही सगळ्यांना कळतं,” ते हळूच म्हणाले.

गोदामात मावशी मान खाली घालून बांगड्या भरत होती. तिचे डोळे लाल झाले होते. मेळ शेजारीच उभा. मी त्याच्यावर डोळे वटारत मागे सरकले आणि माझं कोपर खोक्याला लागलं. एक हिरवी बांगडी खाली पडली आणि तिचे तुकडे झाले.

“अगं बाई! वाढली ना बांगडी!” मावशी सवयीनं म्हणाली.

मेळचा दिवा लुकलुकला. “हिरवी बांगडी वाढली. साठ्यात एक जमा.”

मी तुकड्यांकडे पाहिलं. आबांनी मेळकडे पाहिलं.

“कुंदा,” आबांनी विचारलं, “तुम्ही सगळ्याजणी याला रोज असंच सांगता?”

“मग काय, फुटली म्हणू?” मावशी तडकली. “बायकांच्या हातात जायचा माल तो. असं अभद्र बोलतं का कुणी?”

आबांनी वाकून तुकडे गोळा केले. “चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आम्ही! चूक माझी. खोब्रेकरांना घाई, आणि मीही पूर्वतयारी (प्रणाली सुरू करण्याआधी माणसं, कामाची पद्धत आणि माहिती तयार करणं) नुसती उरकली. कार्यालयात बसून शब्द ठरवले, पण तुम्ही इथे कशा बोलता ते ऐकलंच नाही. समांतर चाचणी (जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवून ताडून पाहणं) केली असती, तर हे लगेच दिसलं असतं.”

आबांनी बोलावून घेताच खोब्रेकरकाका धावत आले. “चुकलो, कुंदाताई,” ते पुटपुटले.

“चोर ठरवलंत ते सगळ्यांसमोर,” मावशी म्हणाली. “आता हेही सगळ्यांसमोर म्हणा.”

त्यांना म्हणावं लागलं. मला फार बरं वाटलं.

मग मेळला काही दिवस नुसतं ऐकायला बसवलं. गोदाम, विक्री, खरेदी, सगळी माणसं एकत्र बसली आणि कोणत्या शब्दाचा अर्थ काय ते ठरलं. बायकांनी आपला शब्द सोडला नाही, मेळच तो शिकला. शिवाय आबांनी त्याला माझा गुण दिला, संशय घेण्याचा. शब्दाचे दोन अर्थ निघाले की आधी विचारायचं! पुढच्या वर्षी असाच एक मेळ चंद्रावरच्या वसाहतीत जाणार आहे. या वेळी आबा म्हणतात, आधी तिथल्या माणसांच्या पंगतीला बसेन, मग यंत्राला हात लावेन.

मेळ पुन्हा कामाला लागला, त्या संध्याकाळी मावशी पदर खोचत म्हणाली, “चला, दुकान वाढवू या आता.”

मेळचा दिवा लुकलुकला. “मावशी, म्हणजे नवं दुकान उघडायचं, की हेच बंद करायचं?”

“बंद रे बाबा, बंद!” मावशी हसत म्हणाली आणि तिनं कमरेच्या किल्ल्या काढून कुलूप लावलं.